ड्रायव्हरचा मुलगा

'मुंगडा' हे गाणं माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. उषा मंगेशकरांचा आवाज, राजेश रोशन यांचं संगीत आणि दारूच्या गुत्त्यात नाचणारी हेलन. वरातीतले बँडवाले ते आजही वाजवतात. 2019 साली 'टोटल धमाल'मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. पण हे गाणं ज्या चित्रपटातलं, त्या 'इनकार'ची (1977) गोष्ट विचारली तर बरेचजण अडखळतात. विनोद खन्ना पोलीस अधिकारी होता, अमजद खान गुन्हेगार होता, इथपर्यंत आठवण पोचते. मला त्यातले डॉ. श्रीराम लागू आठवतात. बुटांच्या कंपनीचा मालक. मुलाला पळवून नेल्याची बातमी येते, मोठी रक्कम मागितली जाते, आणि मग कळतं की आपला मुलगा घरातच सुखरूप आहे. गुन्हेगारांनी चुकून उचललाय तो ड्रायव्हरचा मुलगा. त्यांनाही ती चूक कळते, तरी मागणी बदलत नाही. पैसे मालकानेच द्यायचे.

दुसऱ्याच्या लेकरासाठी आपलं सर्वस्व पणाला लावायचं का? हा पेच हिंदी पटकथाकारांनी घडवलेला नव्हता. तो आला जपानहून, अकिरा कुरोसावांच्या 'हाय अँड लो' (1963) या चित्रपटातून. आणि कुरोसावांना तो सापडला न्यूयॉर्कच्या एका रहस्यकथाकाराकडे. एड मॅकबेन यांची 'किंग्ज रॅन्सम' ही कादंबरी 1959 साली निघाली. मुलांच्या अपहरणाच्या कथा त्याआधीही होत्या आणि नंतर तर ढिगाने आल्या. या कथेचा जीव मात्र अपहरणात नाही, त्या चुकून उचललेल्या मुलात आहे, असं मला ठामपणे वाटतं. तिच्या सगळ्या अवतारांवर आजवर जे लिहिलं गेलं, त्यात रहस्य किती रंगलं आणि पाठलाग किती थरारक झाला याची चर्चा भरपूर आहे. ड्रायव्हरकडे फार थोड्यांनी पाहिलं. हा मागोवा म्हणून त्याच्या बाजूने घ्यायचा आहे.

सुरुवात बरीच मागे जाते. 1 जुलै 1874 रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात घराबाहेर खेळणाऱ्या दोन भावांना दोन अनोळखी माणसांनी घोडागाडीत बसवून नेलं. वाटेत थोरल्याला फटाके आणायला दुकानात पाठवलं आणि धाकट्याला, चार वर्षांच्या चार्ली रॉसला घेऊन गाडी पसार झाली. मग चिठ्ठ्या येऊ लागल्या, चुकीच्या स्पेलिंगने भरलेल्या, वीस हजार डॉलर मागणाऱ्या. मुलासाठी पैसे मागण्याचं अमेरिकेत गाजलेलं हे पहिलं प्रकरण. पण इथेही गुन्हेगारांचा अंदाज चुकलाच होता. रॉस कुटुंबाचं घर मोठं दिसत होतं. आतून बाप 1873 च्या मंदीत बुडालेला, कर्जात होता. चार्ली कधीच सापडला नाही. बापाने 1876 मध्ये या सगळ्यावर एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केलं, शोधासाठी पैसा उभा राहावा आणि कुणीतरी काहीतरी सांगावं म्हणून. अपहरणाच्या साहित्याचा उगम शोधायला गेलं की पहिल्यांदा हाती लागतं ते एका हताश बापाचं निवेदन. कादंबऱ्या त्यानंतरच्या.

1907 साली मात्र ओ. हेन्री यांना याच विषयावर हसवणारी कथा लिहिता आली. तिच्यात दोन भुरटे चोर गावातल्या श्रीमंताचं पोर पळवतात, आणि पोर इतकं द्वाड निघतं की ते परत घ्यावं म्हणून शेवटी चोरच बापाला अडीचशे डॉलर देतात. ती कथा जपानपर्यंत पोचली. 1929 मध्ये यासुजिरो ओझूंनी तिच्यावरून एक छोटा मूकपट केला. तोवर हा विषय थट्टेला चालत होता.

1 मार्च 1932 नंतर तो चालेनासा झाला. अटलांटिक एकट्याने ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग याचं वीस महिन्यांचं मूल न्यूजर्सीतल्या घरातून, वरच्या मजल्यावरच्या पाळण्यातून नाहीसं झालं. पन्नास हजार डॉलर दिले गेले. 12 मे रोजी मुलाचा देह घरापासून थोड्याच अंतरावर सापडला. जूनमध्ये अमेरिकेने अपहरणाचा संघीय कायदा केला. आरोपी पकडला गेला तो 1934 च्या सप्टेंबरमध्ये, आणि पकडला गेला तो नोटांच्या क्रमांकांमुळे. खंडणीत दिलेल्या नोटांचे क्रमांक आधीच टिपून ठेवले होते. त्यातली एक त्याने पेट्रोल पंपावर मोडली. क्रमांकांची ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

अगाथा ख्रिस्तींचं 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' 1934 च्या पहिल्याच दिवशी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालं. आगगाडीतल्या खुनामागे आर्मस्ट्राँग नावाच्या घरातल्या लहान मुलीचं अपहरण आणि हत्या आहे, आणि ते प्रकरण लिंडबर्गच्या दुःखावर बेतलेलं आहे हे तेव्हाच्या कुठल्याही वाचकाला ओळखू येत होतं. दहा वर्षांनी, 1944 मध्ये, रेमंड चँडलर यांनी रहस्यकथेवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात या कादंबरीवर कडक टीका केली. त्यांचा आक्षेप कोड्याच्या उत्तरावर होता: असं उत्तर कुणाला सुचणार, आणि त्याला प्रामाणिक कोडं म्हणायचं का? आक्षेप चुकीचा नव्हता. पण त्या कादंबरीचं सगळं वजन ज्या मेलेल्या मुलीवर तोललेलं आहे, तिच्याबद्दल त्यात काहीच नाही. रहस्यकथेच्या समीक्षेला ही सवय लवकर लागली. कुलूप कसं उघडलं यावर बोलायचं, कपाटात काय होतं यावर नाही.

हॉलिवूडमध्ये तर मुलांच्या अपहरणावर चित्रपट काढायला निर्मात्यांनी स्वतःच घालून घेतलेल्या नियमावलीची आडकाठी होती. ती सैल झाली 1956 च्या डिसेंबरमध्ये. तीनच वर्षांत मॅकबेन यांची कादंबरी आली.

एड मॅकबेन हे टोपणनाव. माणूस जन्मला 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत, साल्वातोरे लोम्बिनो म्हणून. 1952 मध्ये त्याने कायदेशीररीत्या इव्हान हंटर हे नाव घेतलं आणि 1954 मध्ये त्या नावावर आलेल्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'ने त्याला गंभीर कादंबरीकार म्हणून प्रतिष्ठा मिळाली. 1956 पासून पोलीस चौकीच्या कथा लिहायला घेतल्या तेव्हा त्याला सल्ला मिळाला की हे हंटर या नावावर नको, प्रतिष्ठा जाईल. म्हणून मॅकबेन. म्हणजे पुस्तक बाजारात येण्याआधीच त्याचं मोल ठरलेलं: हे दुसऱ्या पंक्तीचं. या कादंबऱ्यांचा समाचार वृत्तपत्रांत स्वतंत्र परीक्षणातून क्वचित घेतला जाई. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अँथनी बाउचर आपल्या सदरात एका बैठकीत अनेक रहस्यकथा घेत आणि प्रत्येकीच्या वाट्याला मोजक्या ओळी येत. बाउचर जाणकार होते आणि मॅकबेन यांच्यावर त्यांचा लोभ होता. पण चार ओळींत लेखकाचा वेग सांगता येतो, संवाद खटकेबाज आहेत हे सांगता येतं. त्याने वाचकापुढे कोणता प्रश्न टाकला हे उलगडायला जागाच उरत नाही. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकर किंवा सुहास शिरवळकर यांच्या वाट्याला तेवढ्या ओळीही सहसा आल्या नाहीत. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून त्यांची पुस्तकं फाटेस्तोवर वाचली गेली, आणि समीक्षेच्या ग्रंथांत त्यांची नावं शोधावी लागतात.

'किंग्ज रॅन्सम' ही पोलीस चौकी मालिकेतली दहावी कादंबरी. डग्लस किंग ग्रेंजर नावाच्या बुटांच्या कंपनीत मोठ्या पदावर आहे. भागीदार मंडळींना स्वस्त, टाकाऊ माल विकायचाय. किंगला चांगला बूट करायचाय. कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने होता नव्हता तो पैसा गोळा केलाय, आणि नेमका तेव्हाच फोन येतो. पाच लाख डॉलर. मुलगा मात्र त्याच्या ड्रायव्हरचा, चार्ल्स रेनॉल्ड्सचा.

किंग नाही म्हणतो. ड्रायव्हर हात जोडतो, बायको घर सोडून जायची भाषा करते, पोलीस अधिकारी कॅरेला त्याच्याकडे तिरस्काराने बघतो, तरी किंग नाहीच म्हणतो. शेवटपर्यंत पैसे देत नाही. मॅकबेन यांनी त्याला राक्षस केलेलं नाही, हे या पुस्तकाचं मोठेपण. किंग खालून वर आलेला आहे. हा पैसा गेला तर आपण पुन्हा तळाशी जाऊ ही त्याची भीती खरी आहे. वाचताना आपण त्याला शिव्या देतो आणि त्याच वेळी स्वतःच्या बँकेतल्या शिलकीचा विचार मनात येऊन जातो. आपल्या मुलासाठी आपण घर विकू. शेजाऱ्याच्या मुलासाठी? घरी कामाला येणाऱ्या बाईच्या मुलासाठी? इतका उघडा प्रश्न रहस्यकथेने त्याआधी विचारलेला मला ठाऊक नाही.

पण प्रश्न विचारून मॅकबेन यांनी उत्तरातून अंग काढून घेतलं, हेही म्हणायला हवं. मूल वाचतं, आणि किंगला त्याची किंमत मोजावी लागत नाही. शेवटच्या प्रकरणांत तो गुन्हेगाराच्या अंगावर धावून जातो, हातघाईवर येतो. त्या मर्दुमकीने त्याचा नकार झाकला जातो. कंपनीही त्याला मिळते. आणि रेनॉल्ड्स? मुलगा मिळाला, आता तो उद्यापासून त्याच मालकाची गाडी चालवणार आहे, ज्याने त्याच्या मुलासाठी दमडी दिली नाही. त्या दोघांनी एका गाडीत कसं बसायचं? पुस्तक तिकडे वळत नाही.

यानंतर जे घडलं त्यात कादंबऱ्या आणि प्रत्यक्ष गुन्हे यांचे धागे एकमेकांत इतके गुंतलेत की ते सुटे करताना अस्वस्थ व्हायला होतं. लायोनेल व्हाइट या दुसऱ्या अमेरिकन लेखकाने 1953 मध्ये 'द स्नॅचर्स' ही अपहरणकथा लिहिली होती. फ्रान्समध्ये काळ्या वेष्टनाच्या प्रसिद्ध 'सेरी न्वार' मालिकेत तिचा अनुवाद निघाला. 12 एप्रिल 1960 रोजी पॅरिसजवळ सें-क्लू इथल्या गोल्फ क्लबातून प्यूजो मोटार घराण्यातला चार वर्षांचा नातू पळवला गेला. घरच्यांनी पाच लाख नवे फ्रँक दिले, मूल तीन दिवसांनी सुखरूप परत आलं. गुन्हेगार पुढच्या वर्षी बर्फातल्या सहलीच्या गावी चैन करताना पकडले गेले, आणि उघड झालं की धमकीच्या चिठ्ठीचा मजकूर त्यांनी व्हाइट यांच्या त्या कादंबरीवरून घेतला होता. त्या अपहरणानंतर महिन्याभराने, मे 1960 मध्ये, टोकियोत एका शाळकरी मुलाचं अपहरण होऊन त्याचा खून झाला. पॅरिसच्या बातमीवरून कल्पना सुचली, असं तिथल्या गुन्हेगाराने सांगितलं. वृत्तपत्रांतल्या रोजच्या बातम्यांनी आपण कोंडीत सापडलो असंही तो म्हणाला. यातून जपानी वृत्तपत्रांनी एक शिस्त घालून घेतली: मूल गुन्हेगाराच्या ताब्यात असेपर्यंत बातमी छापायची नाही.

कुरोसावांनी 'किंग्ज रॅन्सम' हाती घेतली ती या वातावरणात. कादंबरी म्हणून ती त्यांना फार थोर वाटली नव्हती. त्यांना पटली ती एकच गोष्ट: कुणालाही पळवा, धमकी लागू पडतेच. त्यांच्या मनात रागही होता. अपहरणासारख्या गुन्ह्याला जपानी कायद्यात इतकी हलकी शिक्षा का, हा राग चित्रपटामागे आहे हे त्यांनी लपवलं नाही. 1 मार्च 1963 रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. जपानी नावाचा अर्थ 'स्वर्ग आणि नरक'.

बुटांचा धंदा त्यांनी तसाच ठेवला. तोशिरो मिफुने गोंदो झाले, 'नॅशनल शूज'चे संचालक. पण मालकाचं घर त्यांनी योकोहामाच्या टेकडीवर नेऊन बसवलं, वातानुकूलित, मोठ्या काचांचं. आणि खाली उकाड्यात शिजणारी वस्ती दाखवली, जिथून ते घर चोवीस तास डोळ्यांत खुपतं. गुन्हेगार तिथेच राहणारा, रुग्णालयात उमेदवारी करणारा तरुण डॉक्टर. मॅकबेन यांच्याकडे ते साधे भुरटे होते. कुरोसावांनी गुन्हेगाराला पत्ता दिला, आणि त्या पत्त्यावरून वर बघणारी नजर दिली.

पहिला जवळजवळ तासभर सगळं एका दिवाणखान्यात घडतं. पोलीस, बायको, हिशेब करणारा सहायक आणि कोपऱ्यात, नजर खाली घातलेला ड्रायव्हर आओकी. रुंद पडद्यावर ही माणसं अशी उभी केली आहेत की आओकी सतत चौकटीच्या कडेला ढकललेला दिसतो. तो गुडघे टेकतो. दुसऱ्या दिवशी म्हणतो, नका देऊ पैसे, माझा मुलगा हुशार आहे, सुटून येईल. हे वाक्य विनवणीपेक्षाही ऐकवत नाही. गोंदो आधी नकार देतो, आणि मग देतो. इथे कुरोसावांनी कादंबरी सोडली आणि स्वतःचा रस्ता धरला. पैशाच्या बॅगांत पोलिसांना खुणेच्या पुड्या दडवायच्या असतात, जाळल्या तर रंगीत धूर निघावा म्हणून. तेव्हा गोंदो आपली जुनी हत्यारांची पेटी काढतो, जमिनीवर बसतो आणि स्वतःच्या हाताने त्या बॅगा शिवतो. मोठा साहेब होण्याआधी तो चांभारकामातला कारागीर होता. आपलं सर्वस्व दुसऱ्याच्या मुलासाठी जाणार आहे आणि त्याची शिवणही आपणच घालतोय, हे दृश्य मॅकबेन यांच्याकडे नाही. मला त्यात संपूर्ण चित्रपट दिसतो.

मग 'कोदामा' आगगाडी. तिच्या स्वच्छतागृहाची खिडकी फक्त सात सेंटिमीटर उघडते, म्हणून बॅगाही तेवढ्याच जाडीच्या मागितलेल्या असतात. नोटांचे क्रमांक पोलिसांनी टिपून घेतलेले. पुढे कृष्णधवल चित्रपटात एकाच ठिकाणी रंग येतो, धुराड्यातून वर जाणारा गुलाबी धूर. थराराचा हा भाग समीक्षकांनी मनापासून वाखाणला, आणि तो आहेच तसा.

आओकीचं पुढे काय होतं? तो मुलाला गाडीत बसवून स्वतःच गुन्हेगारांचा अड्डा शोधत फिरतो, मालकाचं ऋण फेडायचं म्हणून. भेदरलेल्या पोराला तो पुन्हा पुन्हा आठव म्हणून दरडावतो. उपकाराचं ओझं बापाला किती कठोर करू शकतं, हे त्या दोन-तीन दृश्यांत आहे.

चित्रपटाच्या उत्तरार्धावर मात्र समीक्षेने आणखी कडक व्हायला हवं होतं. गुन्हेगार कोण हे पोलिसांना कळतं, तरी ते त्याला पकडत नाहीत. नुसत्या अपहरणाला शिक्षा कमी; त्याने साथीदारांना शुद्ध हेरॉइन देऊन मारलंय ते सिद्ध करून त्याला फाशीपर्यंत न्यायचं, म्हणून ते सापळा लावतात. त्या सापळ्यात तो हेरॉइनची परीक्षा व्यसनी वस्तीतल्या एका बाईवर करतो आणि ती मरते. पोलीस पाळतीवर असताना मरते. तिचं नावही आपल्याला कळत नाही. ड्रायव्हरच्या मुलाचा जीव मालकाच्या मुलाइतकाच मोलाचा, असं सांगणाऱ्या चित्रपटात एक जीव कायद्याच्या त्रुटीपोटी खर्ची पडतो. कुरोसावांना हा विरोधाभास दिसला होता का? त्यांचा राग इतका पेटलेला होता की त्यांनी ही किंमत दाखवली आणि तिथे थांबले नाहीत, असं मला वाटतं. जपानमध्ये चित्रपटाला 'माइनिची' वृत्तपत्राचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, गर्दीही झाली. पाश्चात्त्य रसिकांत मात्र तो बराच काळ सामुराईपटांच्या सावलीत राहिला. समीक्षक डोनल्ड रिची यांनी 1965 मध्ये कुरोसावांवरच्या आपल्या ग्रंथात त्याला इतर चित्रपटांच्या बरोबरीने बसवलं. रहस्यपट म्हणजे विश्रांतीचं काम, हा समज त्यानंतरही पुष्कळ टिकला.

1963 चा तो मार्च विलक्षण होता. महिन्याच्या आरंभी टोकियोत मॅकबेन यांची कथा पडद्यावर आली. 28 तारखेला न्यूयॉर्कमध्ये हिचकॉकचा 'द बर्ड्स' लागला. त्याची पटकथा इव्हान हंटर यांची, म्हणजे त्याच माणसाची. आणि 31 तारखेला टोकियोच्या ताइतो भागातल्या बागेतून चार वर्षांचा एक मुलगा नाहीसा झाला. पाच लाख येन मागणारे फोन आले. आई-वडील साधे लोक होते, तरी पैसे उभे केले. पैसे ठेवण्याच्या जागी पोलीस काही क्षण उशिरा पोचले आणि पाकीट गेलं. नोटांचे क्रमांक टिपलेले नव्हते. महिन्याभरापूर्वी शहरातल्या पडद्यावर पोलीस एकेका नोटेचा क्रमांक उतरवून घेत होते, तीस वर्षांपूर्वी त्यानेच लिंडबर्गच्या मुलाचा मारेकरी सापडला होता, आणि इथे ती साधी गोष्ट राहून गेली. गुन्हेगाराचा ध्वनिमुद्रित आवाज रेडिओ-टेलिव्हिजनवरून देशभर ऐकवला गेला. दोन वर्षांनी, 1965 च्या जुलैमध्ये तो कबूल झाला. मुलाचा जीव पहिल्याच रात्री गेला होता. कुरोसावांच्या चित्रपटाची जाहिरात पाहून कल्पना सुचली, असं त्याने सांगितलं.

या वाक्यावरून चित्रपटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कर्जबाजारी माणूस पळवाट शोधतच होता, आणि अपहरणाची कल्पना 1874 पासून जगात मोकाट फिरत होती. पण कुरोसावांनी मागितलेली शिक्षा कायद्यात आली तीही गुन्ह्यांच्या याच मालिकेनंतर. 1964 मध्ये जपानी दंडसंहितेत खंडणीसाठी अपहरण हा स्वतंत्र गुन्हा झाला, जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा. ते श्रेय चित्रपटाचं किती आणि त्या चार वर्षांच्या मुलाचं किती, याचा हिशेब मांडायला माझं मन होत नाही.

'इनकार' निघाला तेव्हा भारतातही खंडणीसाठी अपहरण असं वेगळं कलम नव्हतं. ते भारतीय दंडसंहितेत 364-अ म्हणून 1993 मध्ये आलं, मृत्युदंड किंवा जन्मठेप घेऊन. 'इनकार'चे दिग्दर्शक राज सिप्पींनी आगगाडी ठेवली, बुटांचा कारखाना ठेवला, आणि कथेचं केंद्र पोलीस अधिकाऱ्याकडे सरकवलं. मालकाच्या बहिणीवर त्याचं प्रेम असतं, मालकाने त्याला नाकारलेलं असतं. वर्गाचा प्रश्न असा लग्नाच्या प्रश्नात उतरला, हिंदी पडद्याला सोयीचा. तरी लागूंनी त्या भूमिकेला जो भार दिला तो विसरता येत नाही. नाक-कान-घशाचे शल्यविशारद असलेला, 1970 मध्ये 'नटसम्राट' उभा केलेला हा नट. पैसे आणि मूल यांच्यामध्ये अडकलेल्या माणसाचा संकोच त्यांनी आवाज न चढवता दाखवला. आणि ड्रायव्हर सीताराम झालेले साधू मेहेर, ज्यांनी 'अंकुर'मध्ये मुका-बहिरा मजूर उभा केला होता, त्यांच्या चेहऱ्यावर आओकीची लाचारी तशीच्या तशी आली. हे दोन नट समोरासमोर आले की चित्रपट थोडा वेळ जपानी मूळाच्या जवळ जातो. मग मारामारी सुरू होते.

मॅकबेन यांच्या कामाला मान मिळायला वेळ लागला. अमेरिकन रहस्यलेखकांच्या संघटनेने 1986 मध्ये त्यांना 'ग्रँड मास्टर' केलं; 1998 मध्ये ब्रिटिश संघटनेची 'डायमंड डॅगर' मिळवणारे ते पहिले अमेरिकन ठरले. 2001 मध्ये 'कँडीलँड' या कादंबरीवर त्यांनी हंटर आणि मॅकबेन ही दोन्ही नावं जोडलेखक म्हणून छापली. 2005 साली ते गेले, तेव्हा वाचक त्यांना ओळखत होते ते ज्या नावाने प्रतिष्ठा जाईल म्हणून सांगितलं होतं, त्या नावाने.

2025 च्या मे महिन्यात दिग्दर्शक स्पाइक ली यांचा 'हायेस्ट टू लोएस्ट' कान महोत्सवात दाखवला गेला. श्रेयनामावलीत कुरोसावा आणि मॅकबेन दोघंही आहेत. बुटांचा धंदा गेला, संगीताचा आला. डेन्झेल वॉशिंग्टन डेव्हिड किंग नावाचा बडा संगीतनिर्माता आहे, खंडणी पावणेदोन कोटी स्विस फ्रँकची. परीक्षणं आली ती मुख्यतः कुरोसावांशी तुलना करणारी: पहिला भाग आखडलेला, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत शिरल्यावर चित्रपट मोकळा होतो, वगैरे. तुलना अपरिहार्य होती. पण या अवतारात सगळ्यांत जास्त बदललाय तो ड्रायव्हर. जेफ्री राइट यांचा पॉल हा मालकाचा जुना मित्र आहे, तुरुंगात जाऊन आलेला, मुसलमान झालेला. पोलीस त्याच्याशी ज्या तुच्छतेने बोलतात ती कॅमेरा लपवत नाही. आपला मुलगा हरवलाय अशा बापालाच ते संशयित म्हणून न्याहाळतात. तो गुडघे टेकून थांबत नाही. पोलिसांवर न विसंबता तो मालकाच्या शेजारी बसून गुन्हेगाराला शोधायला निघतो, पिस्तूल घेऊन. 1959 मध्ये रेनॉल्ड्सला ज्या कोपऱ्यात सोडलं होतं, तिथून बाहेर यायला त्याला 66 वर्षं लागली. आणि पॉलच्या मुलाची भूमिका करणारा तरुण नट एलाइजा राइट, हा जेफ्री राइट यांचा खराखुरा मुलगा आहे.